दुसरी वेलांटी

त्या सकाळी हॉलमध्ये नुसत्या चाकाच्या खुर्च्याच एकोणीस होत्या. त्या ढकलणारे, त्यांच्यामागे उभे राहणारे आणि दारातून माना उंचावणारे धरले, तर माणसं दीडशेच्या घरात. खाली औषधांचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर हा हॉल. लिफ्टमध्ये एका वेळी एकच खुर्ची मावायची, त्यामुळे आठ वाजल्यापासून जिन्याशी रांग लागलेली. कोणी पाच वर्षं मुकं, कोणी अपघातानंतर नुसते डोळे उघडे ठेवून पडलेलं, कोणी जन्मात एक शब्द न उच्चारलेलं. आणि हे सगळे आज बोलणार होते म्हणे.

"आत्म्याला लकवा होत नाही!" कोट घातलेल्या माणसाने माइकवरून पहिलंच वाक्य फेकलं. "मेंदू म्हणजे काय हो? नुसता रेडिओ! रेडिओ बिघडला म्हणून गाणारा मेला का? गाणारा गातोच आहे, मंडळी! फक्त स्टेशन लावणारा हात पाहिजे. आमच्या अक्षरताईंचा भाऊ जन्माचा मुका. डॉक्टर म्हणाले, याला काही कळत नाही. ताईंनी त्याचा हात हातात घेतला आणि तो अकरा वर्षं बोलला! हे क्वांटम आहे, मंडळी, क्वांटम!"

क्वांटम म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. कोटवाल्याला तर सगळ्यांत कमी. पण शब्द वजनदार होता, आणि टाळ्या पडल्या.

अक्षरताई त्याची बायको. ती मात्र माइककडे फिरकायचीसुद्धा नाही. चाळिशीची, किडकिडीत, हळू आवाजाची बाई. एकेका खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसायची, रोग्याचा हात आपल्या हातात घ्यायची, त्याचं एक बोट पुढे काढायची आणि समोर अक्षरपाटी धरायची. पाटीवर क पासून ज्ञ पर्यंत अक्षरं, खाली स्वर, त्याखाली काना, मात्रा, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार. ताई डोळे अर्धवट मिटायची. आधी बोट थरथरायचं, मग सरकायचं, आणि मग टकटक टकटक अक्षरं दाखवत सुटायचं.

तिसरा नंबर चाकाच्या खुर्चीतल्या एका काकूंचा लागला. ताईने त्यांचा उजवा हात घेतला. नऊ महिने तो हात कोणी उचलला तरच उचलला जात होता, सोडला की पडत होता. त्या मेलेल्या हाताचं बोट पाटीवर फिरलं आणि कोटवाल्याने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "मी... इथे... आहे."

काकूंचा नवरा आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढत आलेला माणूस. एखाद्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवणं त्याच्या धंद्यातच बसत नव्हतं. तो त्या दीडशे माणसांदेखत तोंडात रुमाल कोंबून रडला.

या नवऱ्याला सगळे वेलांटीकाका म्हणत. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता, म्हणजे छपाईआधी प्रुफं तपासणारा. काकूही तिथेच. जुनी पद्धत अशी की एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने समोरच्या प्रुफावर चुका खुणवायच्या. काकू वाचायच्या, आणि नुसते शब्द नव्हे, चिन्हांसकट. "तो घरी, दुसरी वेलांटी, आला, स्वल्पविराम, पण बोलला नाही, पूर्णविराम." बत्तीस वर्षं दोघं समोरासमोर बसून हेच करत आले. घरचं भांडणसुद्धा याच भाषेत चालायचं. काका मध्येच बोलले की काकू बोट वर करून म्हणायच्या, "अरे, माझा स्वल्पविराम आहे. पूर्णविराम झाला की बोल." तो पूर्णविराम काही लवकर यायचा नाही, हे सांगायला नकोच.

त्यातही काकू जास्त कडक. सख्खा भाऊ गेला तेव्हा निधनवार्तेचं प्रूफ त्यांच्याच टेबलावर आलं होतं. डोळे पुसले, कागद जवळ घेतला आणि म्हणाल्या, "दुःखद मध्ये विसर्ग हवा. यांनी अपूर्णविराम टाकलाय." मग पुन्हा डोळ्यांना पदर लावला.

या कडकपणानेच घात केला होता. लेकीने लग्न मोडायचं ठरवलं, तेव्हा समोर येऊन सांगायचा धीर होईना म्हणून तिने आईला एक लांबलचक मेसेज लिहिला. सगळं मन त्यात ओतलं. शेवटी लिहिलं, "हा माझा नीर्णय आहे." काकूंचं उत्तर तासाभराने आलं. "नि पहिली. बाकी भेटल्यावर बोलू." लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला माझ्या आयुष्यापेक्षा वेलांटी मोठी. भेटायचं नाहीये मला," असं तिने उलट कळवलं आणि फोन उचलणं बंद केलं. पाचव्या आठवड्यात काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतला भाषेचाच भाग गेलाय. वाचणं, लिहिणं, बोलणं, समजणं, सगळ्यालाच धक्का आहे. काय परत येईल ते काळच सांगेल."

लेक त्याच दिवशी घरी आली ती परत गेलीच नाही. आईला पुसायची, कूस बदलायची, केस विंचरायची, आणि स्वतःच्या पोटात धड दोन घास जात नव्हते.

आणि आता आई बोलत होती. तिसऱ्या खेपेला पाटीवर आलं, "बाळा मी तुला माफ केलं. माझा आशीर्वाद आहे." लेक हॉलमध्येच आईच्या मांडीवर डोकं टेकून बसून राहिली. त्या दिवशी घरी आल्यावर ती पोटभर जेवली आणि दुपारी चक्क झोपली. काकांनी दार हलकेच ओढून घेतलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी नाव मिळाली होती.

काका प्रत्येक मंगळवारी पाटीवरचा मजकूर वहीत उतरवायचे. लेक फोनवर चित्रण करायची, काका घरी येऊन पक्की प्रत काढायचे. सुरेख अक्षर, समास सोडलेला, तारीख घातलेली. काकूंच्या तोंडचं एक अक्षर वाया जायला नको. अशी चौदा पानं भरली.

पंधरावं पान भरताना काकांचा हात अडखळला. त्या मंगळवारी पाटी म्हणाली होती, "मला व्यायाम नको. ती मुलगी मला त्रास देते. मला ताईंजवळ कायमचं राहायचं आहे." कोटवाल्याने लगेच सांगून टाकलं, "वरच्या मजल्यावर खोली तयार आहे. शनिवारी आणा. आणि ते बाहेरचे उपचार बंद. लहरींमध्ये लहरी नकोत."

'ती मुलगी' म्हणजे स्पीचवाली. तिच्या पदवीचं नाव लांबलचक होतं, म्हणून घरात सगळे तिला स्पीचवालीच म्हणत. रुग्णालयातून आठवड्यातून तीनदा यायची. सात महिने खपून तिने काकूंना डाव्या हाताच्या दोन खुणा शिकवल्या होत्या. मूठ मिटली की हो, तळवा उलटा केला की नाही. पाणी हवं? दिवा लावू? असे साधे प्रश्न तीच विचारायची, घरातल्यांना तेवढा धीर नव्हता. दहांतली सहा उत्तरं बरोबर यायची, चार चुकायची. कधी उत्तर यायला दोन मिनिटं लागायची आणि ती मुलगी घड्याळाकडे न बघता बसून राहायची. घडाघडा वाक्यं बोलणाऱ्या पाटीपुढे या दोन खुणांना कोण विचारतो? कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत.

उद्यापासून येऊ नका, हे सांगायचं काम काकांवर आलं. स्पीचवालीने ऐकून घेतलं. रागावली नाही.

"काका, एक विचारू? काकू लिहितात तेव्हा पाटीकडे बघतात का?"

"म्हणजे काय?"

"साधंच विचारतेय. तुमचा हात दुसऱ्याने उचलून धरलाय आणि तुम्हाला एका बोटाने अक्षर शोधायचंय. न बघता जमेल तुम्हाला?"

काका विचारात पडले. "मी तिच्याकडे कुठे बघतो? मी पाटी बघत असतो."

"सगळेच पाटी बघतात," ती म्हणाली. "ताईसुद्धा. एकदा चित्रण बघा. मग शनिवारचं ठरवा. तुमच्या निर्णयाच्या आड मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक भाजी आणायला गेली, तेव्हा काकांनी तिचा फोन घेतला. बघायचे होते डोळे. पण सुताराची नजर आधी सांध्यावर जाते, तशी काकांची अक्षरांवर गेली. बोट आ वर, मग श वर, मग खाली वेलांट्यांच्या ओळीत. पहिली वेलांटी. आशिर्वाद.

काकांनी वही उघडली. वहीत होतं आशीर्वाद. पुन्हा चित्रण लावलं. पहिली वेलांटी. वहीत दुसरी. मग त्यांनी पंधराच्या पंधरा चित्रणं वहीशी ताडून पाहिली. पाटीवर 'परिक्षा', वहीत 'परीक्षा'. पाटीवर 'रहायचं', वहीत 'राहायचं'. पाटीने केलेली एकेक चूक काकांनी घरी येऊन, स्वतःला पत्ताही न लागू देता, दुरुस्त करून टाकली होती. बत्तीस वर्षांची सवय. पुरावा समोर होता आणि त्यांनी तो आपल्याच सुरेख अक्षरात नीट पुसून ठेवला होता.

भाजीची पिशवी ठेवून लेक आत आली, तर बाबा जमिनीवर बसलेले. त्यांनी फोन पुढे केला. "हे बघ. तुझी आई आशीर्वाद असा लिहील?"

लेकीने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "मला दिसलं होतं, बाबा. त्याच दिवशी."

"आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, आई बदलली." ती बाबांशेजारी जमिनीवर बसली. "मला वाटलं, माझ्याशी बोलताना आता तिला वेलांटीचं काही वाटत नाही. मला ती चूक किती आवडली होती, तुम्हाला नाही कळायचं."

तिला जवळ घ्यावं आणि वही मिटून टाकावी, असं काकांना अगदी मनापासून वाटलं.

"आणि बाबा, मेंदूला मार लागलाय तिच्या. शुद्धलेखन कुठून राहणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. काकांनी मान हलवली. एका चुकीवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. मात्र लेकीच्या फोनवर इतरांचीही चित्रणं होती. हॉलमधली माणसं ती एकमेकांना पाठवायची. काकांनी चष्मा पुसला आणि तीही बघायला घेतली.

एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या बोटाने लिहिलं, आशिर्वाद. एका अपघातातल्या ड्रायव्हरने लिहिलं, आशिर्वाद. शाळेची पायरीही न चढलेल्या सहा वर्षांच्या मुलीने 'ज्ञान' अचूक लिहिलं आणि पुढे लिहिलं, आशिर्वाद. दहा जण, आणि दहाच्या दहा. कोटवाल्याने वाटलेलं हस्तपत्रक काकांच्या कपाटात होतं. त्याच्या डोक्यावर छापलं होतं, 'अक्षरताईंचे आशिर्वचन'.

"बाळ, ऐक," काका म्हणाले. "अर्धं जग ही वेलांटी चुकतं, मान्य. पण अर्धं. दहा लेखकांच्या दहा हस्तलिखितांत तीच चूक त्याच जागी आली, तर ती लेखकांची नसते. ती छपाईचे खिळे जुळवणाऱ्याची असते."

लेकीला कळलं. तिला कळलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि काकांना स्वतःचा राग आला.

"कळलं तरी काय उपयोग?" ती म्हणाली. "सोडून द्या ना. कोणाचं काय बिघडतंय? मी जेवतेय. झोपतेय. ताईंनी माझ्याकडून काय हिसकावून घेतलंय?"

"तुझ्याकडून नाही. तिच्याकडून." काकांनी पलंगाकडे बोट दाखवलं. "शनिवारपासून तिच्या दोन खुणाही बंद होणार. मग तिच्या नावाने कोणीही काहीही बोलेल आणि आपण टाळ्या वाजवू."

स्पीचवालीला बोलावून घेतलं. तिनेही चित्रण पाहिलं, पण पाटीकडे नाही. तिने बोटाने चित्र मोठं केलं आणि खालच्या कोपऱ्यात सरकवलं. तिथे काकूंच्या मांडीवर त्यांचा डावा हात होता. अक्षरताईने उजवा हात धरला की डावा तळवा उलटा व्हायचा. सुलटा पडायचा, पुन्हा उलटा. पाटी म्हणत होती, मी फार आनंदात आहे. मांडीवरचा हात उलटत होता. काकूंचे डोळे छताच्या पंख्यावर होते.

"ही नाहीची खूणच आहे, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," स्पीचवाली म्हणाली. "दहांत चार चुकतात त्यांच्या. पण पंधराही वेळा, आणि ताईंनी हात धरल्यावरच. निदान विचारायला तरी हवं होतं."

काका भिंतीला टेकले. "मी शेजारीच उभा होतो गं. हातभर अंतरावर. ती नाही म्हणत होती आणि मी अक्षरं वाचत होतो."

शनिवारीही हॉल भरलेला असायचा. त्या दिवशी तिघं काकूंना घेऊन हॉलमध्ये गेले, पण सामान न घेता. काकांनी अक्षरताईला एकच विनंती केली. या मुलीने काही चित्रं आणली आहेत. काकूंना चित्र दाखवायचं, त्यांनी त्याचं नाव लिहायचं.

कोटवाला उसळला. "परीक्षा? संशयाने लहरी तुटतात, काका! तुमच्यासारख्यांमुळेच..."

"असू दे हो," अक्षरताई म्हणाली. "त्यांना खात्री करून घ्यायची आहे. करू दे. मला कसली भीती?"

ती खरंच निर्धास्त होती. हीच गोष्ट काकांना पुढे कितीतरी दिवस छळत राहिली.

स्पीचवालीने दुमडलेला पुठ्ठा तंबूसारखा मधोमध उभा केला. एक बाजू काकूंकडे, एक ताईकडे. दोघींच्या मध्ये पाटी. पहिल्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना घड्याळ होतं. बोटाने लिहिलं, घड्याळ. टाळ्यांचा कडकडाट झाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला!" कोटवाला ओरडला.

दुसरा पुठ्ठा. बोट फिरलं. किल्ली.

स्पीचवालीने पुठ्ठा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवला. ताईच्या बाजूला किल्ली होती. काकूंच्या बाजूला छत्री.

तिसरा. बोटाने लिहिलं, चमचा. काकूंच्या समोर बूट होता. चौथ्या वेळी ताईने स्वतःच डोळे घट्ट मिटून घेतले. बोट पाटीवर भटकलं आणि ढ, ख, पुन्हा ढ असं काहीबाही दाखवून थांबलं.

"आत्मा ताईंच्या बाजूने बघतो!" कोटवाल्याने माइक सावरला. "आत्म्याला पुढची मागची बाजू..."

"मग तो माझ्या मुलीच्या बाजूने का बघत नाही हो?" सहा वर्षांच्या मुलीची आई खुर्चीमागून म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्यावर चाललेला तो माणूस पहिल्यांदाच गप्प झाला. थोड्या वेळाने बघितलं तर माइक स्टूलवर होता आणि कोट दिसेनासा झाला होता.

अक्षरताई मात्र तिथेच होती. तिने पुठ्ठा हातात घेऊन एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिला. "मी ढकलत नाही," ती म्हणाली. "शप्पथ सांगते. मी कधीच कोणाचा हात ढकलला नाही."

"मला माहीत आहे," स्पीचवाली तिच्यासमोर खाली बसली. "दोघांनी मिळून जड टेबल उचललं, की कोण कुठे वळवतंय ते दोघांनाही कळत नाही. तसंच आहे हे. मनात जो शब्द असतो, त्याकडे हात आपोआप सरकतो. अगदी बारीक. सरकवणाऱ्याला वाटतं, समोरचाच ओढतोय. तुम्ही खोटं बोलत नव्हता, ताई. पण जे येत होतं, ते तुमच्या मनातलं होतं."

अक्षरताईने पाटी मांडीवर घेतली.

"मग माझा भाऊ?"

स्पीचवाली तिच्याजवळ सरकली.

"अकरा वर्षं बोलत होता माझ्याशी. शेवटच्या दिवशी लिहिलं होतं त्याने. ताई, तुझ्यामुळे मी जगलो." ती स्पीचवालीकडे बघत राहिली. "ते तरी?"

स्पीचवालीने तिचा हात धरला. ती बाई ज्या तऱ्हेने रडली, ते बघून हॉलमधल्या कोणालाही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

मागून एक म्हातारा खुर्ची ढकलत पुढे आला. खुर्चीत त्याची बायको. "झालं समाधान?" तो काकांना म्हणाला. "गेल्या मंगळवारपर्यंत ही माझ्याशी बोलत होती. आज तुम्ही हिला मारलंत. तुमचं काय गेलं होतं?"

काकांना भाषण येत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याचं वाचलेलं. ते म्हणाले, "माझंही तेच गेलंय, दादा, जे तुमचं गेलं. मीही दर मंगळवारी रडून घरी जात होतो. पण आठवून बघा. या पाटीने कधी तुम्हाला नको असलेलं एक वाक्य सांगितलं? कधी भांडली? माझी बायको बत्तीस वर्षांत रोज एकदा तरी मला चूक म्हणाली. पाटी कधीच म्हणाली नाही. आपल्या माणसाच्या तोंडून आपल्याला हवं तेच ऐकू यायला लागलं, की एकदा तरी शंका घ्यावी. शंका घेणं म्हणजे प्रेम कमी करणं नव्हे हो. मुक्या माणसाकडे स्वतःचं असं एवढंच उरतं, की तो काय म्हणतो ते आपल्याला माहीत नाही. तेही आपण काढून घेतलं, तर त्याने कुठे जायचं? देव माना, न माना. पण जो बोलू शकत नाही, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. नाही आलं, तर नाही आलं म्हणा."

म्हातारा खुर्ची वळवून लिफ्टच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला पटलं की नाही, ते काकांना कधीच कळलं नाही.

घरी आल्यावर लेकीने आईला पलंगावर घेतलं, उशी सारखी केली. मग ती काकांकडे वळली. "म्हणजे आईने मला माफ केलेलं नाही."

"माहीत नाही, बाळ."

"मी विचारू तिला? खुणेने?"

काकांनी स्पीचवालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "आत्ता नको. दहांत चार चुकतात. हो आलं तरी तुम्ही ते पाटीसारखं धरून बसाल, 'नाही' आलं तर जन्मभर मनाला लावून घ्याल. इतका मोठा प्रश्न इतक्या लहान खुणेवर टाकू नका. त्यांना पेलेल असं काहीतरी विचारा."

"आणि तो प्रश्न?"

"कदाचित कधीच विचारता येणार नाही," स्पीचवाली म्हणाली. खोटं सांगणं सोपं होतं, पण तिने सांगितलं नाही.

लेक पलंगाच्या कडेवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. आईचा डावा हात तिने धरला नाही, नुसता आपल्या समोर मोकळा राहू दिला. बाहेर ऊन उतरलं होतं आणि वारा सुटला होता.

"आई," ती म्हणाली, "खिडकी लावून घेऊ?"

एक मिनिट गेलं. दोन गेली. काका पलंगापाशी उभे होते, आणि या वेळी ते फक्त तिच्याकडे बघत होते. काकूंचे डोळे पंख्यावरून हळूहळू खाली आले, लेकीच्या चेहऱ्यावर थांबले. बोटं हलली. तळवा उलटा झाला.

नाही.

तो माफीचा शब्द नव्हता, रागाचाही नव्हता. पण भांडणानंतर आईकडून तिला आलेला तो पहिला शब्द होता, आणि तो आईचाच होता. लेकीने मान डोलावली आणि खिडकी उघडीच ठेवली.